होनावरची झीज

शुक्रवार, ता. १७ ऑगस्ट १९३४, शहापूर

आज घरात भांडण झाले. भांडण म्हणजे मी बोललो आणि ती ऐकत राहिली.

श्रावणातला शुक्रवार म्हणून दुर्गाने सकाळीच होन मागून घेतला. दर शुक्रवारी ती तो देव्हाऱ्यात ठेवते, करंगळीशेजारच्या बोटाने त्याला हळदकुंकू लावते, दिवेलागणीला अंगठ्याने पुसून मला परत देते. लग्नाला बावीस वर्षे झाली, तेव्हापासून हे चालले आहे. आज मी भिंग लावून पाहिले तर शंकराच्या जटेत हळद आणि पार्वतीच्या मांडीखाली कुंकू! विजयनगरचा अस्सल होन, एका अंगाला उमा-महेश्वर जोडीने बसलेले, दुसऱ्या अंगाला नागरी अक्षरे. बेळगावपासून निपाणीपर्यंत असा दुसरा कुणाकडे असेल असे मला वाटत नाही. आणि ही बाई त्याला कुंकू फासते.

मी म्हणालो, "सोनं मऊ असतंय. बोटानं झिजंल ते. आजपास्नं बंद."

"आईनं पूजंलाच दिलाय त्यो," ती म्हणाली. "सदलग्यास्नं येताना वटीत घालून आणलाय."

"आणलास देव म्हणून, पर हाय ते नाणं."

"झिजतोय व्हय?" एवढेच तिने विचारले आणि स्वतःच्या बोटाकडे पाहिले. मग पाण्याला गेली. होन मी धुऊन, मऊ फडक्यात गुंडाळून पितळी डबीत ठेवला आणि डबी पेटीत. किल्ली गणपतीच्या तसबिरीमागे.

रविवार, ता. १९ ऑगस्ट

खासबागेत मारुतीरावांच्या पडवीत आमची बैठक भरली. मारुतीराव कचेरीतून निवृत्त झाले, आता तांब्याच्या शिवराया जमवतात आणि त्यांना मुलासारखे जपतात. निपाणीहून आण्णाप्पा आले होते. त्यांचा तंबाखूचा व्यापार, त्यामुळे त्यांच्या संग्रहात जे पिवळे असेल ते सारे जाते. चौथा अंबाजी सोनार, माझ्या लहानपणचा सोबती. त्याच्याकडे संग्रह नाही, कसोटीचा दगड आहे.

आण्णाप्पांनी खिशातून कोराकरकरीत होन काढला. कुणा सराफाने जुन्या ठशाबरहुकूम नव्या सोन्यात पाडलेला. झाले, तिथून जी जुंपली ती दोन चहा होईपर्यंत.

आण्णाप्पा म्हणाले, "सोनं चोख हाय, ठसा देखणा हाय. मग जुनं काय आन् नवं काय? जुनं ते खरं म्हणून कोण म्हातारी नवरी करून आणतंय व्हय?"

मारुतीराव हसले नाहीत. "पाडावं की. पर त्येच्यावर आत्ताचा सन घालावा. मग कुणाची फसगत न्हाय."

अंबाजी माझ्याकडे बघत म्हणाला, "बायका पूजंला मागत्यात. जुना त्यांनी कुठनं आणायचा? समद्यांच्या नशिबात जोतिरामाचा होन न्हाय."

मी म्हणालो, "ठसा म्हंजे माणसाचं तोंड. मेलेल्याचं तोंड कापून दुसऱ्याच्या धडावर बसवायचं व्हय रं?" मग मी माझा होन काढला. पार्वतीचे तोंड त्यावर पार गुळगुळीत झाले आहे, नाक नाही, डोळा नाही. "ही झीज बघा. ही नाण्याची जन्मपत्रिका. चारशे वर्षांच्या बाजारानं पुसलंय हे तोंड. सोनं इकत मिळंल, ठसा पाडता येईल, झीज कुठनं आणशीला?"

मारुतीरावांनी पाठीवर थाप मारली. डिसेंबरात कोल्हापूरला संग्राहकांचा मेळावा आहे, तिथे हेच निबंध करून वाचा, म्हणाले. होनही ठेवा तिथे, लोकांना पाहू द्या. येताना मी वाटभर मनातल्या मनात वाक्ये जुळवत होतो.

शुक्रवार, ता. २४ ऑगस्ट

दुर्गाने होनाच्या जागी सुपारी पुजली. रागाने नाही, शांतपणे. खोकते आहे. पावसाळ्यात शहापुरात कोण खोकत नाही? मागावरच्या रेशमालासुद्धा ओल लागते.

गुरुवार, ता. ६ सप्टेंबर

दोन दिवस निपाणीला जाऊन आलो. आण्णाप्पांचा संग्रह पाहिला. माणूस अडाणी, पण नाणी चांगली. निबंधाचे नाव ठरले: 'जुन्या ठशांची नवी सोनेरी नाणी: एक फसवणूक'. पहिली चार पाने झाली.

परत आलो तर दुर्गाच्या कानात बुगड्या दिसल्या नाहीत. विचारले. कान दुखतात म्हणाली. बायकांचे कान नेहमीच दुखतात.

शुक्रवार, ता. २१ सप्टेंबर

रागाच्या भरात लिहितो आहे. वाचणाऱ्याने, म्हणजे पुढे मीच वाचीन तेव्हा, अक्षराला नावे ठेवू नयेत.

सकाळी कामाचा, लुगड्याच्या काठाच्या नक्षीचा कागद शोधत देव्हाऱ्यापाशी गेलो, तर पाटावर होन! हळदकुंकू लावलेला. धावत जाऊन पेटी उघडली. डबी जागच्या जागी, डबीत होनही जागच्या जागी. म्हणजे घरात दोन होन.

भिंग लावले. देव्हाऱ्यातला कालपरवा पाडलेला, कडा तांबूस, कोऱ्या. पण पार्वतीचे तोंड माझ्या होनासारखेच गुळगुळीत. ज्याने ठसा घेतला त्याने झीजही उचलली होती! जी झीज कुठून आणाल म्हणून मी चारचौघांत छाती ठोकली, ती माझ्याच घरात कुंकू लावून बसलेली.

दुर्गा हात पुसत आली. मी काही विचारायच्या आतच बोलली.

"तुमी निपाणीला गेलतासा तवा अंबाजीभावजींकडनं करून घेतला. तुमचा झिजतोय म्हनालासा न्हवं? आता तुमचा सुखानं डबीत ऱ्हाईल."

"माझा होन तू सोनाराच्या हातात दिलास?"

"येका दिसापुरता. मी तिथंच बसलेवते, डोळं लावून."

"खोटं नाणं हाय हे! खोटं! माझ्या घरात!"

"पूजंला कसलं खरं आन् कसलं खोटं?" ती म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती ओट्याला धरून उभी राहिली. मी तो होन उचलून खिशात टाकला.

रविवार, ता. २३ सप्टेंबर

अंबाजीच्या दुकानी गेलो. तो शेगडी फुंकत होता. मी होन त्याच्या पुढ्यात टाकला आणि म्हणालो, "तोड."

त्याने वर पाहिले. "वैनीचं सोनं हाय ते. बुगड्यांचं. तिला इचारलंस?"

बुगड्यांचे तेव्हा कळले. क्षणभर थांबलो, हे कबूल करतो. पण तोंडातून गेलेला शब्द मागे कसा घ्यायचा? पुन्हा म्हणालो, "तोड."

"जोतिराम, तू रोज काय करतूस रं?" तो म्हणाला. "तुझ्या पणज्यानं काढलेलं काठाचं रुईफूल चौकड्यांच्या कागदावर उतरतूस, आन् कोष्टी ते नव्या रेशमात इणतोय. त्या लुगड्याला कुणी खोटं म्हणत न्हाय. मग माझाच होन खोटा कसा?"

"लुगडं फाटतंय. नाणं ऱ्हातंय."

हे उत्तर वाटेत मला फार चांगले वाटले होते. आता लिहिताना तितकेसे वाटत नाही. अंबाजीने कातर घेतली, होनाचे दोन तुकडे केले आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवले. "ठसा मातूर मोडणार न्हाय. त्यो माझा हाय. आन् उद्यापास्नं माझ्या पायरीला पाय लावू नकोस."

घरी येऊन कागद दुर्गाला दिला. तिने उघडून पाहिला, पुन्हा घडी घातली आणि कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला. मग चुलीपाशी गेली. भांडली असती तर बरे झाले असते.

सोमवार, ता. २२ ऑक्टोबर

निबंध सतरा पाने झाला. मारुतीराव म्हणतात भाषा कडक आहे.

शेजारच्या जयाबाईंनी आज मला दारात गाठले. "भावजी, तुमास्नी दिसत न्हाय का? हिच्या बांगड्या कोपरापातूर जात्यात, दोऱ्यानं बांधल्यात तिनं." खरेच बांधल्या होत्या. कधी बांधल्या कुणास ठाऊक. होनाच्या कडेला केसभर घासले तरी मला कळते, हा माझा लौकिक.

कँपातल्या डॉक्टरांना आणले. त्यांनी छाती ठोकून पाहिली आणि बाहेर येऊन एक शब्द सांगितला. तो शब्द माझ्या निबंधात पानोपानी आहे. 'नाण्याचा क्षय', 'धातूचा क्षय', 'ठशाचा क्षय'. डॉक्टर म्हणाले, मिरजेच्या इस्पितळात न्या, लवकर न्या.

डिसेंबरचा मेळावा उरकला की नेईन. दोन महिन्यांनी असा काय फरक पडतो? दुर्गालाही विचारले. ती म्हणाली, "तुमचं काम होऊ द्या आधी." तिचेच म्हणणे असे पडले.

रविवार, ता. १६ डिसेंबर, कोल्हापूर

निबंध झाला. टाळ्या पडल्या. आण्णाप्पांनीसुद्धा वाजवल्या, त्यांना निबंध आपल्याविरुद्ध आहे हे बहुधा कळले नाही. नव्या नाण्यांच्या बाजूनेही दोघे बोलले. एक म्हणाला, जुना ठसा नव्या सोन्यात पाहून पोरांना तरी कळेल पूर्वी काय होते. मी त्याला गप्प केले.

एका गोष्टीने मात्र तोंड कडू झाले. एक म्हातारे गृहस्थ होन बराच वेळ निरखत होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "अस्सल आहे, शंका नाही. पण झीज बाजाराची नाही हो. बाजारात नाणे सगळीकडून झिजते. याची कड शाबूत, अक्षरे शाबूत, शंकरसुद्धा बरा आहे. एकट्या देवीचे तोंड गेले आहे. आणि ही झीज जुनी नाही."

मी म्हणालो, आपली दृष्टी आता मंद झाली असेल. म्हातारा हसला आणि पुढच्या टेबलाकडे गेला. वय झाले की माणसे काहीही बोलतात.

गुरुवार, ता. २० डिसेंबर

घरी आलो. जयाबाई उशाशी बसल्या होत्या. डॉक्टर येऊन गेले. आता मिरजेचा प्रवास झेपणार नाही म्हणाले. उशीर झाला, हे ते म्हणाले नाहीत. मीच म्हणतो.

शुक्रवार, ता. ११ जानेवारी १९३५

सकाळी तिने खूण करून बोलावले. आवाज पार बसला आहे.

"आज सुक्कीरवार हाय. येकडाव त्यो होन द्या की."

मी डबी आणली. होन फडक्यावर ठेवून तिच्या डोळ्यांपुढे धरला. तिने हात उचलला. बोटे घामाने ओली होती. आणि माझ्या तोंडून निघून गेले, "रुमालानं धर. बोट लावू नकोस."

तिने हात खाली घेतला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "दिसला. दोघंबी बसल्यात न्हवं जोडीनं? झालं." मग डोळे मिटून पडून राहिली.

हे लिहायचे नव्हते. पण वही खोटी ठेवली तर उरले काय?

बुधवार, ता. २३ जानेवारी

दुर्गा काल पहाटे गेली.

मूलबाळ नाही, जवळचे फारसे कुणी नाही. आळीतल्या बायकांनी सगळे केले. न्हाऊ घातले, हिरवे लुगडे नेसवले. मग जयाबाई म्हणाल्या, सवाष्ण आहे, तोंडात सोने घालायला हवे. त्यांनीच करंड्याखालून तो कागद काढला. "हे तुकडं हाईत की. तिच्याच बुगड्यांचं हाय. यातला येक घाला."

मी तुकडा हातात घेतला. कातरीने तोडलेली कड धारेची होती. माझ्या बोटाला टोचली. तिच्या तोंडात ते घालवेना. मी पेटीशी गेलो, डबी उघडली आणि होन आणून तिच्या जिभेवर ठेवला. मारुतीराव दारात उभे होते. "आरं जोतिराम!" एवढेच ते म्हणाले.

मोठेपणाने केले नाही. तो गोल होता, म्हणून केले.

गुरुवार, ता. २४ जानेवारी

आज सावडायला गेलो. राखेत पाणी घालून अस्थी वेचताना अंबाजी माझ्या शेजारी येऊन बसला. बोलावले नव्हते. चार महिन्यांनी त्याला इतक्या जवळून पाहिले. त्याची बोटे राखेत सराईतपणे फिरत होती. सोनाराला राख चाळायची सवय असते. त्याने एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. हरभऱ्याएवढी, वेडीवाकडी, काळपट. शंकर नाही, पार्वती नाही, अक्षर नाही.

"ठेव जवळ," तो म्हणाला. "नदीत टाकू नकोस."

शुक्रवार, ता. ८ फेब्रुवारी

आज जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक नाणे हाती आले की कागद वर धरून शिसपेन्सिलीने घासून मी त्याची प्रतिमा घेतो, तारीख घालतो. पहिल्या वहीचे पहिले पान म्हणजे दुर्गाचा होन. सन १९१२, लग्नानंतर आठवडाभरात घेतलेली.

त्या पानावर पार्वतीला तोंड आहे. नाक आहे. डोळे आहेत. ओठांची बारीक रेघसुद्धा आहे.

मी भिंग लावून पाहिले, भिंग पुसून पाहिले. पुढच्या वह्यांत शोधले. १९१९ साली पुन्हा घेतली होती, त्यात नाक गेले आहे. १९२७ साली डोळे. चारशे वर्षांच्या बाजाराने काहीही पुसले नव्हते. बावीस वर्षांच्या शुक्रवारांनी पुसले. आणि मी ते तिघांपुढे मिरवले, कोल्हापुरात टाळ्या घेतल्या, आणि तिला सांगितले बोट लावू नकोस. मी रडलो. घरात कुणी नव्हते, म्हणून मोठ्याने रडलो.

संध्याकाळी गोळी, तुकड्यांचा कागद आणि ती वही घेऊन अंबाजीच्या पायरीशी गेलो. पायरीला पाय न लावता रस्त्यातच उभा राहिलो.

"ये वर," तो म्हणाला. "ठसा हाय माझ्याकडं."

"गोळीत थोडी घट हाय."

"बुगड्यांचं सोनं घालू की त्यात. तिचंच हाय."

मी मान डोलावली. त्याने वहीतले पान पाहिले. सोनारच तो, त्याला सांगावे लागले नाही. मग हळूच म्हणाला, "जोतिराम, ह्या कागदावरनं मला ठशात तोंड कोरता येतंय. नाक, डोळं, समदं. पयल्यावानी करून देतो. तुला अस्सल लागतंय न्हवं?"

"न्हाय," मी म्हणालो. "तोंडाला हात लावू नकोस. हाय तसाच पाड."

शुक्रवार, ता. २२ फेब्रुवारी

अंबाजीने सकाळी होन आणून दिला. जुने सोने, बुगड्यांचे सोने, चोरून घेतलेला ठसा. मारुतीराव कालच विचारत होते, आजचा सन घालणार का? माझ्या निबंधाप्रमाणे पाहिले तर ही अट्टल फसवणूक आहे. निबंधाची सतरा पाने चुलीत घातली. दूध लवकर तापले.

स्नान करून देव्हाऱ्यापुढे बसलो. पूजा मला येत नाही, ती करायची तेवढे आठवून केले. हळद लावली. मग कुंकू, तिच्यासारखेच करंगळीशेजारच्या बोटाने. पार्वतीच्या तोंडाच्या जागी इवलासा खळगा आहे. माझे बोट जाड, ते त्यात बसत नाही, शंकरालाही कुंकू लागते. तीनदा करून पाहिले.

दिवेलागणीला होन उचलला. रुमाल शेजारीच होता. अंगठ्याने पुसला.